एकाच खात्यातली दोघं

पडद्यावर एक पांढरं पान उघडलं. त्यावर तांबड्या त्रिकोणाखाली लिहिलं होतं की हे अ‍ॅप आम्ही तपासलेलं नाही. ते बनवणाऱ्याला तुम्ही ओळखत असाल आणि त्याच्यावर तुमचा विश्वास असेल, तरच पुढे जा. खाली बनवणाऱ्याचा पत्ता दिला होता, आणि तो माणिकरावांचाच मेलचा पत्ता होता. माऊसवर हात ठेवून माणिकराव तसेच बसून राहिले. यात न समजण्यासारखं काही नव्हतं. स्क्रिप्ट, म्हणजे तो छोटा प्रोग्रॅम, त्यांनीच लिहिली होती, जिच्यासाठी परवानगी मागायची ते खातंही त्यांचंच होतं, तेव्हा यंत्र दुसऱ्या कुणाचं नाव दाखवणार होतं? तरी आत कुठंतरी अडखळल्यासारखं झालं. बाहेर वसमत रोडवरून उसाचा ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी वाजवत गेला, खिडकीच्या काचा थरथरल्या आणि पुन्हा दुपार जागच्या जागी आली. विद्यापीठात नोकरीला असताना विद्यार्थी त्यांच्याकडे चारित्र्याचा दाखला घ्यायला यायचे. मी यांना व्यक्तिशः ओळखतो, यांचं वर्तन चांगलं आहे, असा छापील मजकूर असायचा आणि माणिकराव नाव भरून सही करायचे. ज्याचं तोंडही पुरतं बघितलेलं नाही अशा पोरालाही त्यांनी सही दिली होती, कारण नाही म्हणायला काही कारण नव्हतं. आता समोर स्वतःचं नाव आलं तर बोट उचलत नव्हतं. माणिकराव खिल्लारे यांना आपण ओळखतो का? म्हणजे काय ओळखतो? पहाटे उठतात, चहा स्वतः करतात, पेपर शेवटच्या पानापासून वाचतात, संध्याकाळी बायकोला फोन करतात. एवढं तर शेजारच्यांनाही माहीत होतं.

मुळात हे सगळं जागेवरून सुरू झालं होतं. महिनाभर त्यांच्या मेलवर संदेश येत होते की तुमच्या खात्यातली जागा संपत आली आहे, थोड्याच दिवसांत नवी पत्रं येणं बंद होईल. मुलीला, आम्रपालीला, त्यांनी फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, पप्पा, थोडे पैसे भरा आणि जागा वाढवून घ्या, सगळे तेच करतात. ते त्यांना पटलं नाही. आत काय भरलं आहे ते बघितल्याशिवाय माणूस कोठी कशी वाढवेल? कृषी विद्यापीठाच्या हवामान वेधशाळेत त्यांची सगळी नोकरी गेली. सकाळी पर्जन्यमापकातलं पाणी नळीत ओतायचं, डोळा नळीच्या पातळीवर आणायचा, आकडा लिहायचा. शेवटच्या काही वर्षांत ते आकडे संगणकावर घ्यायचे म्हणून त्यांनी नव्या पोरांकडून थोडं प्रोग्रामिंग शिकून घेतलं होतं, आणि निवृत्तीनंतर जे थोडं हातात उरलं त्यात ते होतं. म्हणून त्यांनी एक छोटी स्क्रिप्ट लिहायला घेतली. तिनं खात्यात शिरून कोणत्या महिन्यात किती फोटो जमले आणि त्यांनी किती जागा खाल्ली ते एका ओळीत एक असं मांडून द्यायचं. लिहायला सोपी होती. अवघड होतं ते तिला आत घेणं. खातं आपलं असलं तरी आपण लिहिलेल्या स्क्रिप्टला त्यात सरळ जाता येत नाही. आधी त्या कंपनीच्या दारात तिची नोंद करायची, तिला नाव द्यायचं, कोण कोण ती वापरणार त्यांची नावं कळवायची. माणिकरावांनी स्क्रिप्टचं नाव 'आवराआवर' ठेवलं आणि वापरणाऱ्यांत स्वतःचं एक नाव घातलं. दुसरं कुणाचं घालावं ते सुचलं नाही. मग स्क्रिप्ट चालवली की ती ब्राउझर उघडून खात्याच्या मालकापुढे परवानगीचं पान ठेवते आणि आपल्याच यंत्रात उत्तरासाठी कान लावून बसते. मालक हो म्हणाला की तिकडून एक टोकन येतं, तात्पुरत्या पाससारखं. ते दाखवलं की आत सोडतात.

माणिकरावांचे वडील सेलूच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल होते. मालकाच्या खोलीच्या दारात ते चप्पल बाहेर काढून उभे राहायचे आणि विचारायचे, "इजाजत हाय का?" निजामाच्या वेळचा शब्द त्यांच्या तोंडात तसाच राहिला होता. आतून उत्तर येईपर्यंत ते उभे राहायचे, कधी खूप वेळ. लहानपणी डबा घेऊन गेलेला माणिक त्यांच्या मागं उभा राहून त्यांच्या टाचांच्या भेगा बघत राही. घरी आल्यावर वडील म्हणायचे, शिक, म्हणजे कुणाच्या दारात इजाजत मागायची पाळी येणार न्हाई. माणिक शिकला. सरकारी खुर्ची मिळाली, कॉलनीत घर झालं, दारावर पाटी लागली. आणि आता त्याच घरात, स्वतःच्या खात्याच्या दारात, ते स्वतःचीच परवानगी मागत बसले होते. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात एक दुवा होता. तो दाबल्यावर आणखी एक ओळ खाली उतरली, 'आवराआवर'कडे जा, असुरक्षित. माणिकरावांनी ती दाबली. पुढच्या पानावर विचारलं होतं की या अ‍ॅपला तुमचे सगळे फोटो बघू द्यायचे का. हो. शेवटचं पान आलं, परवानगी मिळाली, आता ही खिडकी बंद केली तरी चालेल. स्क्रिप्ट चालत होती त्या मागच्या काळ्या चौकटीत अक्षरं आणि आकड्यांचा एक लांबलचक, अर्थ नसलेला दोर उमटला. तेच टोकन होतं. मग एकेक महिना खाली उतरू लागला.

उतरता उतरता थांबेचना. माणिकरावांना वाटलं स्क्रिप्टमध्ये चूक झाली आहे. ते फोटो काढत ते विजेच्या मीटरचे, गॅसच्या पावतीचे, नळाची तोटी घ्यायला दुकानात दाखवायची म्हणून जुन्या तोटीचे. गेल्या काही वर्षांत तसे किती होणार? त्यांनी यादी नीट बघितली. प्रत्येक फोटोसमोर तो कोणत्या फोननं काढला ते लिहिलेलं होतं, आणि फोन दोन होते. एक त्यांचा. दुसऱ्याचं नाव वाचताना त्यांना स्टेशन रोडवरचं दुकान आठवलं. त्यांची बायको, धम्मशीला, पुण्याला जायची होती, आम्रपालीच्या बाळंतपणासाठी. वाटेत हाताशी असावा म्हणून त्यांनी तिला नवा फोन घेऊन दिला होता. दुकानातला माणूस म्हणाला, साहेब, खातं लागतं, बाईंचं आहे का? ती म्हणाली, मला कशाला लागतंय खातं, आणि माणिकरावांनी आपलंच टाकून दिलं. गाडीची वेळ होत होती. तेव्हापासून तिनं काढलेला प्रत्येक फोटो गुपचूप या खात्यात येऊन पडत होता. त्यांच्या फोनची गॅलरी फक्त त्याच फोननं काढलेले दाखवायची. बाकीचं उघडून बघण्याची गरज त्यांना कधी पडली नव्हती.

बाळंतपणासाठी गेलेली धम्मशीला परतली नव्हती. भांडण काही झालं नव्हतं. बाळ लहान होतं, मग आम्रपालीची नोकरी सुरू झाली, मग बाळ दुपारी कुणाकडे ठेवायचं हा प्रश्न आला, मग माणिकरावांची नोकरी संपायला थोडेच महिने राहिले होते, आणि नोकरी संपल्यावर ते पुण्याला गेले तेव्हा त्या उंच इमारतीत त्यांना झोप लागेना. आठवड्यात ते परत आले. ती मधून मधून येई. कपाटं झाडी, लोणचं घाली, कामाला येणाऱ्या सुलाबाईला भांडी कशी घासायची ते पुन्हा सांगे आणि जाई. नातू आता शाळेत जात होता, तरी ती आली नाही आणि माणिकरावांनी ये म्हटलं नाही. ती तिकडे अडकून पडली आहे, तिचंही मन इथंच असणार, असं त्यांनी धरून ठेवलं होतं. घरातल्या शांततेला त्यामुळे एक आधार होता. दोघंही सारखीच एकटी आहेत, असं वाटलं की पोळी एकट्यानं खाताना गिळायला सोपी जाई.

त्यांनी सुरुवातीचे फोटो उघडले. एक निळी प्लास्टिकची बादली, गच्चीवर. बादलीत पाणी आणि पाण्यात उभी धरलेली शाळेतली पट्टी. पट्टी धरणारी दोन बोटं तिची होती, अंगठीवरून ओळखू आली. माणिकरावांना आधी काहीच कळलं नाही. पुढचा फोटो, तीच बादली, पाणी कमी. मग पुन्हा, पाणी वर आलेलं, आभाळ बादलीत उतरलेलं. त्या पावसाळ्यात पुण्यात जेव्हा जेव्हा पाऊस पडला तेव्हा तेव्हा तिनं बादली ठेवली होती आणि पट्टी बुडवून फोटो काढला होता. बादलीनं पाऊस मोजता येत नाही, तिच्या कडा तिरप्या असतात, तोंड रुंद आणि बूड अरुंद, हे त्यांनी तिला लग्नाच्या पहिल्याच वर्षी समजावून सांगितलं होतं आणि तिनं जांभई दिली होती. तिला पावसाच्या आकड्यात कधी रस नव्हता. सकाळी वेधशाळेतून येऊन ते रात्रीचं तापमान सांगायचे तेव्हा ती तव्यावरून नजर न काढता 'हो का' म्हणायची. मग ही बादली कुणासाठी? काही फोटोंत पट्टी तिरपी होती, आकडा वाचता येत नव्हता. एकात तिनं पट्टीवर जिथं पाणी पोचलं तिथं नख टेकवलं होतं.

पुढच्या पावसाळ्यात बादल्या थोड्या होत्या. नंतर नव्हत्याच. त्याऐवजी दुसरंच काही येऊ लागलं. कापलेल्या पेरूची आतली गुलाबी चकती. रस्त्याकडेच्या भिंतीवर सावली पडलेली सायकल. पायात बूट, तिचेच पाय, नव्या पांढऱ्या बुटांतले, वरून खाली बघून काढलेले. बायकांचा एक घोळका बागेत, सगळ्यांच्या पायात तसेच बूट. मग तिनं साडी सोडलेली, पंजाबी ड्रेसमध्ये, कुणीतरी दुसऱ्यानं काढलेली. आणि एका फोटोत निळ्या पाण्यात छातीपर्यंत उभी असलेली एक बाई, डोक्याला घट्ट टोपी, पोहायचा चष्मा कपाळावर सरकवलेला, तोंड उघडं टाकून हसणारी. माणिकरावांना वाटलं हा कुणा परक्याचा फोटो चुकून आला आहे. ती बाई इतकं मोठ्यानं हसत होती की फोटोतूनही आवाज यावा. मग हनुवटीवरचा तीळ दिसला. दुधना नदीच्या काठावरच्या गावात वाढलेली धम्मशीला पाण्याला भ्यायची. गावची एक मुलगी डोहात बुडून गेली होती, तेव्हापासून. लग्नानंतर एकदा नदीकाठी गेले असताना माणिकरावांनी हात धरून तिला ओढलं तर ती पायऱ्यांवरच बसली आणि उठेचना. ते चिडले होते. भित्री म्हणाले होते. आता तिला पाण्यात कुणी उतरवलं? कुणाचा हात धरून ती उतरली असेल? की कुणाचाच न धरता? त्यांना हेवा वाटला, आणि कुणाचा ते ठरवता येईना, म्हणून तो पाण्याचाच वाटला.

सुलाबाई दुपारची भांडी घासायला आली आणि पदराला हात पुसत त्यांच्या मागं येऊन थांबली. "ह्या बाईच हायत व्हय?" ती म्हणाली. "लय बारीक झाल्या. पर बऱ्या दिसायल्यात." माणिकराव हो म्हणाले. तिनं थोडा वेळ बघितलं आणि विचारलं, तुमी कव्हा जायलाव तिकडं? माणिकरावांनी बघू म्हटलं. ती गेल्यावर त्यांनी पान मिटलं आणि पुन्हा उघडलं.

त्या आठवड्यात रोज सकाळी चहा पिण्याआधी ते स्क्रिप्ट चालवू लागले. आवराआवरीचं काम तसंच राहिलं. जागेचा हिशेब त्यांनी पुन्हा बघितलाही नाही. नवं काय आलं एवढंच बघायचे. वेधशाळेत सकाळी पर्जन्यमापकाकडे चालत जाताना रात्री काय पडलं असेल अशी जी किंचित उत्सुकता असायची, ती इतक्या दिवसांनी अंगात आली होती. तिनं काल दुकानाच्या काचेत स्वतःला बघितलं. तिनं काल कुणाच्या तरी ताटातल्या इडलीचा फोटो काढला. संध्याकाळी ठरल्या वेळी फोन व्हायचा. जेवलाव का, ती विचारायची. जेवतो आता, तुझं झालं का. नातवाचा खोकला, पाणी कधी आलं, सुलाबाई येते का. वर्षानुवर्षं हेच बोलणं होतं आणि त्यांना ते पुरेसं वाटत आलं होतं. आता त्या शब्दांमागं निळं पाणी आणि पांढरे बूट उभे असायचे. ती त्यातलं काहीच सांगत नव्हती आणि तेही विचारत नव्हते. आपल्याला माहीत आहे आणि तिला ते माहीत नाही, या गोष्टीची एक ओशाळी गोडी त्यांना लागली. फोन ठेवल्यावर ती गोडी उतरायची. मग घर जरा जास्तच रिकामं वाटायचं. बुद्धाच्या तसबिरीपुढचा दिवा लावताना त्यांना आपण चोरून पाहणारा माणूस आहोत असं वाटायचं. दुसऱ्या सकाळी बोट पुन्हा तिथंच जायचं.

मग एका सकाळी धरणाच्या पाण्याकाठचे फोटो आले. बायका बसमधून गेल्या होत्या, सतरंजीवर डबे उघडलेले, मागं पसरलेलं पाणी. धम्मशीला पाण्याच्या अगदी कडेला, पाय ओले. माणिकराव दिवसभर तो फोटो मनात घेऊन हिंडले. किराणा आणताना काय आणायचं ते विसरले. संध्याकाळी फोनवर त्यांनी शक्य तितक्या सहज विचारलं, काल कुठं गेल्ती का? "कुठं जाते," ती म्हणाली. "घरीच होते." बरं, असं म्हणून माणिकरावांनी विषय बदलला. एवढ्या संसारात ती खोटं बोललेली त्यांना आठवत नव्हतं. आणि आता आठवत नव्हतं म्हणजे बोलली नव्हती असं नाही, हेही त्यांच्या लक्षात आलं. रात्री ते एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळत राहिले. ती खोटं बोलली म्हणून राग यावा तर त्याआधी आपण जाळं टाकूनच विचारलं होतं. तिला कोपऱ्यात गाठून बघायचं होतं आपल्याला. हा कोण माणूस आहे? याला आपण ओळखतो का?

दुसऱ्या दिवशी स्क्रिप्टनं फोटो दिले नाहीत. तपासणी न झालेल्या अ‍ॅपचं टोकन थोडे दिवसच चालतं. मुदत संपली होती आणि ब्राउझरमध्ये परवानगीचं पान पुन्हा येऊन उभं राहिलं. माणिकराव बराच वेळ त्याकडे बघत होते. चहा निवला, त्यावर साय धरली. मग त्यांनी पान बंद केलं आणि संध्याकाळची वाट न बघता फोन लावला. धम्मशीलानं लगेच उचलला आणि घाबऱ्या आवाजात विचारलं, काय झालं, बरं हाव ना? अवेळी फोन आला की ती हेच विचारायची. बरा आहे म्हणून त्यांनी सांगितलं. पुढं काय म्हणायचं ते ठरवलेलं नव्हतं.

"शीला, तुझे फोटो माझ्या खात्यात यायलेत," ते म्हणाले.

"मग? पहिल्यापासून येतातच की. तुमीच तर दुकानात टाकून दिलं होतं तुमचं खातं."

"तुला माहीत होतं?"

"आम्रपालीनं सांगितलं होतं, पहिल्याच वर्षी. म्हणली, आई, तू काढलेलं सगळं पप्पाला दिसतंय बरं का."

माणिकरावांनी सांगितलं की आपण ते कधी उघडलंच नव्हतं. याच आठवड्यात पहिल्यांदा बघितलं, तेही जागा संपत आली म्हणून. गॅलरीत फक्त आपलेच दिसतात, हेही सांगितलं. पलीकडे कुकरची शिट्टी झाली, तिनं उठून गॅस बंद केला असावा, कारण तिची पावलं गेली आणि परत आली.

"बादल्या?" तिनं विचारलं.

"त्या बी आत्ताच बघितल्या."

मग ती सावकाश बोलू लागली. इतकं ती फोनवर कधी बोलली नव्हती. नवी नवी होती तेव्हा तिला तिथं करमत नव्हतं, रडायला यायचं आणि बाळंतिणीपुढं रडता येत नव्हतं. सगळं यांना दिसतंय असं कळल्यावर तिनं बादली ठेवायला सुरुवात केली. बघून यांचा फोन येईल, हे म्हणतील की बादलीनं पाऊस मोजत नसतात, पट्टी तिरपी धरलीस, तुला एवढं बी कळत न्हाई. तिला ते ऐकायचं होतं. फोन यायचा, पण त्यात जेवलीस का एवढंच असायचं. आधी तिला वाटलं कामात असतील. मग वाटलं की मी येईना म्हणून रागावलेत आणि मुद्दाम बोलेनात. एकदा तिनं बादली चांगली काठोकाठ भरलेली दाखवली, नळाचं पाणी ओतून, म्हणजे हे तरी चिडून फोन करतील. तेव्हाही काही नाही. "मग म्हणलं जाऊ द्या," ती म्हणाली. "तुमच्यासाठी काढायचं सोडलं. पण हाताला सवय लागली होती. मग माझं मलाच काढायला लागले." त्या बायकांत जाणं, बूट, पोहायचा क्लास, सगळं तिनं त्यांच्या डोळ्यांसमोरच केलं होतं, असं ती समजत होती. प्रत्येक वेळी भीत भीत. हे बघतायत, बोलत न्हाईत, म्हणजे त्यांना आवडलेलं न्हाई. मग एके दिवशी भीती वाटायची थांबली.

टेबलावरचा निवलेला चहा माणिकरावांनी एका घोटात पिऊन टाकला. आपली काही वर्षं कुणीतरी दुसऱ्याच माणसानं जगली, असं त्यांना वाटत होतं. त्या माणसाला सगळं दिसत होतं, तो मुका होता आणि कठोर होता, आणि ती त्याच्यासोबत संसार करत राहिली होती. इथं माणिकराव एकट्यानं पोळी खात होते तेव्हा तिकडे तो माणूस तिच्या खांद्यावरून बघत उभा होता. "परवा घरीच होते म्हणलीस," ते म्हणाले. त्यांना हे विचारायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं.

"बघून बी विचारायलाव, असं वाटलं. परीक्षा घेतल्यासारखं. म्हणून म्हणलं घरीच."

त्या वेळी मी बघितलं होतं, हे माणिकरावांनी कबूल केलं. म्हणजे तिचं बरोबरच होतं. ती हं म्हणाली, आणि त्या हुंकारात राग नव्हता, तेच त्यांना जड गेलं. मग एवढ्या वर्षांत न विचारलेलं त्यांनी विचारलं, "तू येणार हायस का इकडं?" खाली कुठंतरी शाळेची बस थांबल्याचा आवाज आला. मला सांगता येत न्हाई, ती म्हणाली. आधी रोज वाटायचं यावं, आता रोज वाटत न्हाई. खोटं कशाला बोलू. माणिकरावांनी बरं म्हटलं. हे ऐकून आपण मोडून पडू असं त्यांना वाटलं होतं. पंखा फिरत होता. गल्लीत भाजीवाला मेथी, मेथी म्हणून ओरडत होता. काही मोडलं नाही, फक्त आत खूप लांबवर शांत झालं, जिनिंगचं यंत्र बंद पडल्यावर आवारात व्हायचं तसं.

मग धम्मशीलानंच म्हटलं की मला माझं वेगळं खातं करून द्या. आम्रपालीला सांगितलं असतं, पण ती घाईत असते, निम्मं करून ठेवते. माणिकराव म्हणाले, मी सांगतो तसं कर, फोन कानाला लावू नकोस, आवाज मोठा करून समोर ठेव. जुन्या फोटोंचं काय करायचं, ते हलवता येतील, असंही त्यांनी विचारलं. तिनं थोडा विचार केला. "पोहायचे मला पाठवा. बादल्या राहू द्या तिथंच. त्या तुमच्याच हायत."

ते एकेक पायरी सांगत गेले आणि ती एकेक करत गेली. नाव विचारलं तेव्हा तिनं ते पूर्ण लिहिलं, आणि मध्येच स्वतःशी हसून म्हणाली, किती दिवसांनी लिहिलं पूर्ण नाव. तिचा जन्म धम्मदीक्षेनंतरच्या पहिल्या दशकातला, वडिलांनी हौसेनं ठेवलेलं नाव, आणि सासरी येऊन त्याची शीला झाली होती. ती माणिकरावांनीच केली होती, हाक मारायला सोपी म्हणून. पासवर्ड टाकताना तिनं त्यांना ऐकू नका म्हटलं, जणू ऐकू येणार होतं. माणिकराव खरंच खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. समोरच्या घराच्या गच्चीवर कुणीतरी मिरच्या वाळत घातल्या होत्या. इथून सगळं तिचं तिचं होणार होतं. उद्या सकाळी काय आलं हे कळणार नव्हतं, परवाही नाही. एवढ्यात ती थांबली.

"आता ह्ये विचारायलंय, पासवर्ड विसरलात तर कुणाला विचारायचं. कुणाचा तरी नंबर टाका म्हणायलंय."

"आम्रपालीचा टाक," माणिकराव म्हणाले. "जवळ हाय ती तुझ्या."

पलीकडून पडद्यावर बोट टेकल्याचे बारीक आवाज येत राहिले. एक, मग दुसरा, मग पुढचे, न अडखळता, पाठ असलेला नंबर असल्यासारखे. मग माणिकरावांच्या कानाशी धरलेला फोन थरथरला. त्यांनी तो समोर धरून बघितला. संदेश आला होता, धम्मशीला खिल्लारे यांच्या खात्याचा पडताळणी क्रमांक, कुणालाही सांगू नका.

"आला का?" ती विचारत होती. "सांगा."

त्यांनी चष्मा पुसला आणि वाचायला सुरुवात केली. चार, ते म्हणाले. चार, ती म्हणाली. शून्य. शून्य. वेधशाळेत ते आकडा वाचायचे आणि कारकून मागून तसाच म्हणून लिहून घ्यायचा, पण तेव्हा त्यांनी कधी सावकाश वाचलं नव्हतं. सात. सात. तिच्या आवाजात आकडा पुरता उतरला की मगच ते पुढचा उचलत होते. शेवटच्या आकड्यापाशी ते थांबले.

"ऐकायले मी," ती म्हणाली.

त्यांनी तो सांगितला.